एका श्वासातले आकडे

दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी हाक मारली तेव्हा मी त्यांच्या दारापासून सहा पायऱ्या वर गेलो होतो. "काका, चप्पल राहिली तुमची." मी वळून पाहिलं. माझी डावी चप्पल खाली जिन्याच्या वळणावर उपडी पडली होती आणि बाई दुधाची पिशवी हातात घेऊन तिच्याकडे बघत उभ्या होत्या. मी हसलो, "वय झालं," म्हणालो. त्याही हसल्या आणि दार लोटून आत गेल्या. चप्पल पायातून निघते, त्यात विशेष काही नाही. विशेष हे की मला ते कळलं नव्हतं. सकाळच्या गार दगडावर मी सहा पायऱ्या एका अनवाणी पायाने चढलो होतो आणि पायाने मला ते सांगितलं नव्हतं. खाली उतरून चप्पल घालताना मी बोटांकडे निरखून पाहिलं. बोटं जागच्या जागी होती. अंगठा हलव म्हटलं तर हलला, पण वरच्या साहेबाने आधी ऐकून न ऐकल्यासारखं करावं आणि मग सही करावी, तसा जरा उशिराने. मी कठडा धरला. कठड्याचा रंग उडालेला भाग माझ्या तळव्याला नेहमी खरखरीत लागतो. त्या दिवशी लागला का, हे मला आठवेना. आठवेना म्हणून पुन्हा हात फिरवून पाहिला, आणि मग वाटलं, आपण मुद्दाम लक्ष दिलं की कुठलाही अवयव परका वाटू लागतो.

घरी बायको खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होती. "एवढा वेळ कुठे लागला?" तिने मान वर न करता विचारलं. मी "कुठे नाही" म्हणालो. "कुठे नाही", "काही नाही", "ठीक आहे" या तीन उत्तरांवर माझा चाळीस वर्षांचा संसार उभा आहे. तिची सगळी नोकरी फोन एक्स्चेंजमध्ये झाली. ती म्हणते, आवाजावरून माणूस खरं बोलतोय की नाही ते मला पहिल्या शब्दाला कळायचं. माझ्या बाबतीत तिने हा हुन्नर कधी वापरला नाही, किंवा वापरून वापरून कंटाळली असेल. तिचाही दोष नाही. मी पुस्तकातला माणूस. नोकरी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत, आणि दुपारच्या सुट्टीत बसायचो रुग्णालयाच्या ग्रंथालयात. जे वाचायचो ते मला व्हायचं. एका हिवाळ्यात मला क्षय झाला होता, एकदा जठराचा कर्करोग, आणि शेजारच्या मांजराने ओरखडल्यावर मी दहा दिवस पाण्याच्या पेल्याकडे संशयाने पाहत होतो. "पुस्तक उघडलं की यांना रोग होतो आणि मिटलं की बरा होतो," असं ती पाहुण्यांना सांगायची. पाहुणे हसायचे, आणि मीही हसायचो, कारण ते खरंच होतं.

म्हणून मी गप्प खुर्चीत बसलो आणि दिवस मोजू लागलो. अठरा दिवसांपूर्वी आम्हा निवृत्त लोकांचं एका बागेत जेवण झालं होतं. निखाऱ्यांवर कोंबडी भाजली होती. वरून काळी, पण माझ्या ताटातल्या तुकड्याच्या हाडाशी मांस गुलाबी होतं. मला ते दिसलं होतं. भाजणारा माझा जुना सहकारी समोर उभा राहून "कशी झालीय?" विचारत होता, आणि "कच्ची आहे" म्हणणं मला जमलं नाही. मी खाल्ली. तीन दिवसांनी ताप आला, बेंबीभोवती मुरडा आला, मग तो मुरडा उजवीकडे सरकला आणि पाच दिवस मी न्हाणीघर आणि बिछाना यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत राहिलो. एकदा रक्ताची रेषही दिसली. बायकोने आदल्या रात्रीच्या दुधाला दोष दिला. सगळेच तसं करतात. पोट बिघडलं की माणूस शेवटचं जेवण आठवतो. काही जंतू मात्र दोन-तीन दिवस दम धरून बसतात, तोवर खरा गुन्हेगार ताट धुवून मोकळा झालेला असतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मलाची तपासणी करून घेतली. अहवाल आला: रोगजंतू आढळले नाहीत. त्या कागदाकडे मी बराच वेळ पाहत बसलो होतो. माझ्या हयातीत मी हे वाक्य किती हजार वेळा लिहिलं असेल.

आमच्या प्रयोगशाळेत मलाचे नमुने तपासण्याचं टेबल अगदी आत, खिडकीपाशी होतं, वासामुळे. त्याला सगळे मागचं टेबल म्हणायचे. नव्या आलेल्या मुली मला "मागच्या टेबलाचे काका" म्हणायच्या, आणि रक्तवाले सहकारी म्हणायचे, "यांचं टेबल मागचं आणि कामही मागचंच." मी तिथे एकतीस वर्षं होतो. कामाची पद्धत ठरलेली होती. नमुना यायचा, जंतू वाढवायच्या काचेच्या प्लेटवर पसरायचा, सदतीस अंशांच्या कपाटात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी बघायचा. आम्ही बघायचो ते तीन नामांकित जंतू. पटकीचा, विषमज्वराच्या घराण्यातला आणि रक्ती आवेचा. ते तिघे नसले की शिक्का मारायचा: रोगजंतू आढळले नाहीत. खरं तर लिहायला हवं होतं की ज्यांना शोधलं ते आढळले नाहीत, बाकीच्यांना आम्ही विचारलंच नाही. पण एवढं लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती आणि सांगायला माझ्यात धीर नव्हता. मी ग्रंथालयात बाकीच्यांबद्दल वाचत राहायचो. त्यांचा एक गोतावळाच होता. एक थंडीत वाढायचा, अपेंडिक्सचं सोंग आणायचा आणि बरा झाल्यावर गुडघे सुजवून जायचा. एक गोड्या पाण्यात राहायचा. आणि एक कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने नांदणारा, कॅम्पायलोबॅक्टर नावाचा. त्याला आपल्यापेक्षा जास्त ऊब लागते, बेचाळीस अंश, आणि हवा मात्र कमी लागते. आमच्या कपाटात, आमच्या हवेत तो जन्मात उगवला नसता.

मला एकदाच हुक्की आली. आमच्याकडे एक जुनं कपाट होतं, पाच अंश जास्त तापायचं म्हणून बाद करून कोपऱ्यात सरकवलेलं. घरून मी साखरेची मोठी काचेची बरणी नेली, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची. आत प्लेटा रचायच्या, वर एक मेणबत्ती पेटवून ठेवायची आणि झाकण लावून बरणी त्या कपाटात ठेवायची. मेणबत्ती जळते तेवढी हवा खाते आणि विझते, मग जंतूला हवी तशी कोंदट हवा आत उरते. बायको अजून अधूनमधून विचारते, "ती बरणी कुठे गेली हो?" मी सांगितलं आहे, फुटली. त्या आठवड्यात पोट बिघडलेला एक शिंपी दवाखान्यात आला होता. तेव्हाच्या माझ्याच वयाचा, चाळिशीतला, कानामागे खडू अडकवलेला, तो काढायचं तापातही विसरलेला. त्याचा नमुना मी नेहमीच्या प्लेटवर पसरला आणि उरलेला, कुणाला न सांगता, बरणीत. दोन दिवसांनी नेहमीच्या प्लेटवर काही नव्हतं. बरणीतल्या प्लेटवर पाण्याचे थेंब ओघळून सपाट व्हावेत तशा करड्या, ओलसर वसाहती नमुना पसरायच्या तारेच्या रेघेवरून पसरल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, वाकडे, दोन दोन जोडलेले, लहान मूल चित्रात लांबचा पक्षी काढतं तसे. पुस्तकात अगदी तसंच चित्र होतं. मी आनंदलो, आणि आनंदल्याबरोबर शंका आली. चित्र पुस्तकात पाहिलं होतं म्हणून तर इथे दिसत नसेल? मला तर वाचलेलं नेहमीच होतं. आमच्या प्रमुख मॅडम बाहेर कुणावर तरी चिडल्या होत्या. मी प्लेट घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेलो. "काय आहे?" त्यांनी विचारलं. "काही नाही," मी म्हणालो, "शाई संपलीय." परत येऊन विचार केला, कदाचित माझंच काही चुकलं असेल. बरणी प्लेटांसकट नष्ट करायच्या डब्यात टाकली आणि शिंप्याच्या कागदावर शिक्का मारला.

दोन आठवड्यांनी त्याचा भाऊ त्याला पाठीवर घेऊन आला. शिलाई मशीनच्या पायट्यावर त्याचे पाय चालेनासे झाले होते. तीन दिवस घरीच काढले होते, कारण पोटाचा अहवाल चांगला होता आणि सगळ्यांनी सांगितलं होतं की जुलाबाचा अशक्तपणा आहे, ताकदीचं औषध घे. चौथ्या दिवशी हातातून कात्री पडली. तो श्वासाच्या यंत्रावर दीड महिना होता. मी रोज त्या वॉर्डाच्या दारावरून जायचो, तो वॉर्ड माझ्या वाटेवर नव्हता तरी. तो वाचला, पण हाताची बोटं पूर्वीसारखी झाली नाहीत, असं मी ऐकलं. आज मी स्वतःला सांगू शकतो की माझी प्लेट वर दाखवली असती तरी त्याचा आजार टळला नसता. हा आजार जंतू गेल्यावर सुरू होतो. पण ते तीन दिवस वाचले असते. कुणीतरी त्याला सांगितलं असतं, पाय जड झाले तर घरी बसू नकोस. एवढंच. 

तर, खुर्चीत बसून मी हे सगळं आठवत होतो आणि दहा वाजले होते. मी गुडघ्यावर गुडघा ठेवला आणि जाड पुस्तकाच्या कण्याने वाटीखाली टकटक केलं. पाय उडायला हवा. उडाला नाही. दुसरा उडाला नाही. पण स्वतःचा गुडघा स्वतःला नीट तपासता येत नाही, हेही मी वाचलं होतं. जेवताना चमचा हातात जड वाटला. आंघोळीच्या वेळी टाचांवर उभं राहायला गेलो आणि भिंत धरावी लागली. दर वेळी एक पुरावा मिळत होता आणि दर वेळी मी त्याच्यात खोट काढत होतो. तीन वाजता खुर्चीतून उठायला दोन्ही हातांचा रेटा द्यावा लागला, तेव्हा मला आजारापेक्षा शिंप्याच्या आठवणीची भीती वाटली. माझ्या जागी तो असता आणि माझ्याइतकं त्याला ठाऊक असतं, तर तो एव्हाना रुग्णालयात पोहोचला असता.

"माझ्या पायांतला जोर जातोय," मी बायकोला म्हणालो.

तिने चष्मा काढला. "कुठल्या पुस्तकातला?"

"पुस्तकातलाच आहे. पण या वेळी पायांत पण आहे."

"गेल्या वर्षी हृदय होतं."

"हो."

"त्याच्या आधी काय ते, मूत्रपिंड."

"हो. तरी चल."

तिने चष्मा डब्यात ठेवला. "चला," ती म्हणाली, "एकदा दाखवून येऊ, म्हणजे डोक्यातला किडा तरी जाईल. येताना भाजी पण घेता येईल." तिने पिशवी घेतली. जिन्यावर मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही रस्त्यात एकमेकांना धरून चालणारी माणसं नव्हेत. दुसऱ्या मजल्यापाशी तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझा हात आपल्या कोपरात घट्ट अडकवला. भाजीचं पुन्हा बोलली नाही.

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी माझे गुडघे, घोटे, कोपरं रबरी हातोडीने ठोकून पाहिली. एकही उडालं नाही. मला लाज वाटली, तोंडी परीक्षेत सोप्या प्रश्नाला उत्तर न आल्यासारखी. "आधी जुलाब झाले होते?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं, तारखांसकट, गुलाबी मांसासकट. "अहवाल चांगला होता," बायको म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तो जंतू सगळीकडे शोधत नाहीत, आजी." आणि मग त्यांनी समजावलं. जंतूच्या अंगावरचं आवरण आणि आपल्या नसांवरचं आवरण यांत थोडं साम्य असतं. शरीर जंतूविरुद्ध हत्यारं तयार करतं, जंतू मरतो, हत्यारं उरतात आणि ती नसांवर चालून जातात. याला गुलेन-बारे म्हणतात. खालून वर चढतो, कुठे थांबेल ते आधी सांगता येत नाही, बहुतेक माणसं सुधारतात. शिरेतून औषध पाच दिवस द्यायचं. मी हे सगळं वाचलेलं होतं, तरी खाटेवर पडून ऐकताना ते नवीन वाटलं. माझं आयुष्य मी स्वतःवर संशय घेण्यात घालवलं आणि तो माझ्या स्वभावाचा भाग आहे अशी माझी समजूत होती. आता तो मनातून निघून रक्तात उतरला होता. माझं अंगच मला ओळखेनासं झालं होतं, आपलं कोण आणि परकं कोण याचा त्याला निवाडा करता येत नव्हता. आणि गंमत अशी की हे कळल्यावर मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं शांत वाटलं. एकदा तरी माझी शंका खरी होती.

"आता एक काम," डॉक्टरीणबाई बायकोला म्हणाल्या. "यांनी खोल श्वास घ्यायचा आणि एका श्वासात एक, दोन, तीन असं मोठ्याने मोजायचं. दर दोन तासांनी. मी येईनच, मध्ये तुम्ही करा. बोटाला लावलेल्या प्राणवायू मोजायच्या चिमट्यावर विसंबू नका, तो अगदी शेवटी बोलतो. आकडा वीसच्या खाली गेला की लगेच बोलवायचं. छातीचे स्नायू थकले तर काही दिवस यंत्र लावावं लागतं. वेळेवर लावलं तर काळजी नाही." मी मोजून दाखवलं. एकतीस. संध्याकाळी अठ्ठावीस. दुसऱ्या दिवशी सकाळी चोवीस. बायकोने पिशवीतल्या भाजीच्या यादीमागे आकडे लिहून ठेवले. ती खाटेशी बसून होती, तिचा चेहरा रात्रभरात लहान झाला होता. पाय आता माझे नव्हतेच, चादरीखाली कुणीतरी ठेवलेले होते. हात उचलायचे तर आधी विचार करावा लागे. कमरेतून एक खोल दुखणं वर येत होतं. नर्स येऊन उशी सारखी करून गेली, आणि बायको तिला म्हणाली, "यांना मी काही खरं मानत नाही हो सहसा." नर्स हसली. बायको हसली नाही.

बारा वाजता मी मोजायला लागलो आणि सतराला श्वास संपला. संपला म्हणजे आणखी एक आकडा काढायचा तर छातीत काही उरलं नव्हतं. तिचे डोळे माझ्या ओठांवर होते आणि तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. अठराच्या आधी मी नाकातून एक बारीक श्वास चोरला. कुणाला कळू नये इतका. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. "बावीस," तिने लिहिलं आणि खुर्चीला पाठ टेकली. सकाळपासून पहिल्यांदा टेकली. मला वाटलं, सतराला मी बहुधा घाईने थांबलो असेन. आधीचा श्वास नीट खोल घेतला नसेल. कदाचित माझंच काही चुकलं असेल. हे वाक्य मनात आलं आणि ते मला ओळखीचं वाटलं. तरीही पुढच्या वेळी खरं मोजू असं ठरवून डोळे मिटले. शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकत होता, आणि तो किती सहज, किती उधळेपणाने खोकत होता, याचा मला हेवा वाटला.

दोन वाजता तिने कागद काढला. "हं." मी श्वास घेतला, खरंच खोल, जेवढा मावेल तेवढा, आणि फार थोडा मावला. दहापाशी आवाज पातळ झाला. अकरा झाल्यावर काही नव्हतं. मी श्वास चोरला. या वेळी तो चोरताना खांदे वर उचलावे लागले, तरी तिला दिसलं नाही, कारण ती कागदाकडे पाहत होती, पेन आधीच टेकवून. मी सोळाला पुन्हा चोरला. वीसला थांबलो. "वीस," ती म्हणाली. "खाली नाही ना गेला? वीस म्हणजे वीसच." तिचा फोन वाजला. दुसऱ्या शहरातून मुलगी. बायको खाटेच्या कडेलाच बसली आणि तिच्या जुन्या, स्वच्छ, एक्स्चेंजमधल्या आवाजात बोलू लागली. "हो, आत्ताच मोजलं. वीस. नाही नाही, थांबलंय आता. औषध लागू पडलंय बहुतेक. तू धावपळ करू नकोस, शनिवारी ये सावकाश." आवाजात किती आनंद होता. गेल्या दोन दिवसांत तिने तो कुठे ठेवला होता कोण जाणे. त्या आनंदाला हात लावायचा म्हणजे मला बोलायला लागणार होतं, आणि बोलायला जेवढा श्वास लागतो तेवढाच माझ्याकडे होता. एका खेपेला दोन शब्द, फार तर तीन. कोणते ते निवडायचे होते. आयुष्यभर मी लांब वाक्यांच्या आड राहिलो, आता आडोशाला जागा नव्हती.

"अगं," मी म्हणालो.

तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा हवा गोळा केली.

"अगं. अकरा."

ती वळली. "काय?"

"अकराच. वीस खोटं."

तिने फोन कानापासून दूर केला. मला वाटलं आता ती विचारेल, कुठल्या पुस्तकातलं. किंवा म्हणेल, पुन्हा मोजा बघू.  फोन तसाच चादरीवर टाकून ती उठली आणि दाराकडे गेली. वॉर्डात पळू नये असं तिनेच सकाळी एका मुलाला बजावलं होतं. ती पळत होती. बाहेर तिचा आवाज ऐकू आला, डॉक्टरीणबाईंना हाक मारणारा, भीतीने फाटलेला, तिच्या नोकरीत तिने कधी लावला नसेल असा.

चादरीवरच्या फोनमधून मुलगी बोलत होती. "आई? आई, काय झालं? आई, आहेस का?" फोन माझ्या कोपरापाशी होता. हात तिथवर जात नव्हता. मी मान तेवढी तिकडे वळवली. "बाबा?" ती म्हणाली. "बाबा, तुम्ही आहात का तिथे? तुम्ही ठीक आहात ना?"

बाहेर पावलं जवळ येत होती, चार-पाच जणांची. मी मिळेल तेवढी हवा आत घेतली.

"नाही," मी म्हणालो.